पितरांच्या रात्रीचा नाच

ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत त्या वाचकांस, आणि हल्लीं तसें नसलेलें घर शोधूनच काढावें लागेल, एक गोष्ट आम्हीं निराळी सांगावयास नको. मुलाचें पत्र आलें म्हणजे तें घरांत सर्वांदेखत मोठ्यानें वाचावयाचें, कीं आधीं एकट्यानें वाचून त्यांतील कांहीं ओळी गाळावयाच्या, हा विचार घरांतील वडीलधाऱ्यास करावाच लागतो. आम्हीं एक पत्र तर सुमारें दीड महिना दाबून ठेविलें होतें.

तें पत्र आमच्या पुतण्याचें, सन २०२३ च्या ऑगस्टांतलें. तो जपानांत नागोया शहराजवळच्या एका कारखान्यांत इंजिनियर आहे. आमचें मूळ घर अकोल्याचें. वऱ्हाडांतील अकोला नव्हे, नगर जिल्ह्यांतील, प्रवरेच्या कांठचें अकोलें. (जिल्ह्याचें नांव २०२४ पासून सरकारी कागदांत अहिल्यानगर झालें आहे. आमच्या तोंडीं जुनें नांव बसलें आहे, तें वाचकांनीं चालवून घ्यावें.) पत्र हल्लींच्या रीतीप्रमाणें संगणकावरून आलें, तें आम्हीं कागदावर उतरवून घेतलें आणि चष्मा पुसून वाचावयास बसलों. पहिलेंच वाक्य असें होतें: 'ती. काका यांस सा. न. वि. वि., परवांची सबंध रात्र मी रस्त्यावर नाचून काढली.'

आमच्या घराण्यांत नाचणें हें क्रियापद बहुधा दुसऱ्यांविषयीं योजावयाचें असतें. आमच्या जिल्ह्यास नाचाचें वावडें आहे असें मुळींच नाहीं. संगमनेर तालुक्यांतील हिवरगांवची पवळा ही तमाशाच्या बोर्डावर उभ्या राहिलेल्या पहिल्या स्त्रियांपैकीं एक. अकोल्याच्या डोंगरपट्ट्यांत बोहाड्याच्या रात्रीं देवादिकांचे मुखवटे चढवून संबळाच्या ठेक्यावर गांवचा गांव जागतो. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरीस जातांना नगरावरून जाते, तेव्हां साठी उलटलेल्या बाया भर रस्त्यांत फुगड्या घालतात. हें सर्व आम्हीं पाहिलें आहे. पण पाहिलें आहे इतकेंच. आमचे वडील पालखीस हार घालीत, विणेकऱ्याच्या पायां पडत, आणि टाळांचा ठेका वाढूं लागला कीं उपरणें सांवरून ओट्यावर चढत. आम्ही त्यांच्या मागोमाग.

तथापि नाचणें हा आमच्या रागाचा खरा विषय नव्हता. दादा, म्हणजे आमचे वडील बंधु व या मुलाचे वडील, सन २०२१ च्या वैशाखांत करोनाच्या दुसऱ्या लाटेंत गेले. त्याच मे महिन्याच्या मध्यास जपाननें हिंदुस्थानांतून परतणाऱ्या परदेशी रहिवाशांस दार बंद केलें होतें. मुलगा इकडे निघाला असता तर परत केव्हां जातां येईल याचा नेम नव्हता, आणि त्याची बायको तिकडे बाळंतपणास टेकलेली. हें सर्व आम्हांस कळत होतें. दहाव्या दिवशीं प्रवरेच्या कांठीं आम्ही पिंड मांडून बसलों. कावळे समोरच्या बाभळीवर रांगेनें बसले होते. एकही खालीं येईना. दादांची इच्छा कशांत गुंतली असेल याविषयीं कोणासच संशय नव्हता. आम्हीं हात जोडून मोठ्यानें सांगितलें, 'तो येईल. आम्ही त्याला आणूं.' तरीही नाहीं. ऊन चढलें. गुरुजींना पुढच्या घरीं जावयाचें होतें. त्या महिन्यांत त्यांस रोजच पुढचें घर असे. शेवटीं दर्भाचा कावळा करून पिंडास लाविला आणि उठलों. ही गोष्ट मुलास कळवूं नये असें वहिनींनींच आम्हांस बजाविलें होतें.

पुढच्या वर्षीं वाट मोकळी झाली, तरी वर्षश्राद्धास तो आला नाहीं. रजा मिळाली नाहीं, असें त्यानें लिहिलें. आम्हीं उलट लिहिलें तें जरूरीपेक्षां तिखट होतें, हें आतां कबूल करावयास हरकत नाहीं. त्यानंतर त्याचीं पत्रें, फोन, सर्व आईला, आम्हांस नाहीं. सव्वा वर्षानें आमच्या नांवानें पत्र आलें आणि त्याचा आरंभ हा असा! राग न येता तरच नवल. पुढचें पत्र आम्हीं दुसऱ्या दिवशीं वाचलें.

नागोयाहून बसनें सुमारें दीड तासाच्या वाटेवर, गिफू प्रांताच्या डोंगरांत, गुजो-हाचिमान नांवाचें गांव आहे. टेकडीवर १९३३ सालीं लांकडांत पुन्हा बांधून काढलेला किल्ला, खालीं योशिदा नदी, आणि गल्लीगल्लींतून घरांच्या कडेनें पाटाचें पाणी खळाळत चाललेलें. जपानी खाणावळींच्या दर्शनी कपाटांत जे हुबेहूब पण खोटे पदार्थ मांडलेले असतात, ते करण्याच्या धंद्याचें हें गांव एक माहेरघर समजलें जातें. 'मला निःशंकपणें पानांत घेतां येईल असें जेवण त्या गांवांत मेणाचेंच होतें,' असें चिरंजीवांनीं लिहिलें आहे. हा विनोद त्याच्या वडिलांचा. दादा अस्सेच लिहीत.

येथील नाच चारशें वर्षांपूर्वींचा सांगतात. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंत सुमारें तीस रात्री तो चालतो, आणि त्यांपैकीं ऑगस्टच्या १३ ते १६ या चार रात्रीं तर दिवेलागणीनंतर जो सुरू होतो तो पहांटेपर्यंत. करोनाच्या सालीं तो थांबला होता. रात्रभरचा नाच २०२३ सालीं चार वर्षांनीं प्रथमच पुन्हा झाला, आणि आमचा पुतण्या गेला तो त्याच वेळीं. आदल्या वर्षाच्या अखेरीस युनेस्कोनें जपानच्या चोवीस प्रांतांतील एकेचाळीस लोकनृत्यें जगाच्या वारशांत नोंदविलीं, त्यांत गुजोचा हा नाचही आहे. याच जातीचे नाच मेजी राजवटींत अनेक प्रांतांच्या अधिकाऱ्यांनीं असभ्य ठरवून बंद केले होते, हें लक्षांत घेतलें म्हणजे अधिकाऱ्यांच्या सभ्यतेची किंमत काय करावी हें वाचकांनींच ठरवावें.

नाचाची मांडणी अगदीं साधी आहे. चौरस्त्यावर चाकांची एक लांकडी बंगली आणून उभी करतात. तिच्यांत गाणारे, तंतुवाद्य वाजविणारे, एक पांवावाला, एक ढोलवाला. बंगलीभोंवतीं लोक फेर धरतात, फेर मावेनासा झाला म्हणजे तो लांबून गल्लींत शिरतो. अंगांत युकाता नांवाचा सुती अंगरखा आणि पायांत गेता, म्हणजे तळाला दोन आडव्या पट्ट्या असलेले लांकडी जोडे. पण हा वेष नसला तरी कोणी अडवीत नाहीं. तिकीट नाहीं, मंडप नाहीं, निमंत्रितांच्या खुर्च्या नाहींत. आणि मुलानें लिहिल्याप्रमाणें मुख्य म्हणजे प्रेक्षक नाहींत.

त्याला घेऊन गेला होता कारखान्यांतील एक वयस्क जपानी सोबती. सोबती फेरांत शिरला. आमचे चिरंजीव एका बंद दुकानाच्या पायरीवर तासभर उभे. 'काका, आपल्या ओट्याची संवय,' असें त्यानें लिहिलें आहे. तिखट लिहिण्याचा हक्क कांहीं चुलत्यांनाच असतो असें नाहीं. शेवटीं फेरांतून जाणाऱ्या एका सत्तरीच्या बाईनें त्याची बाही धरली, त्याला आपल्या मागें उभें केलें, आणि मान न वळवितां नाचूं लागली. पुढच्या माणसाचे हात पाहावयाचे, हाच तेथला गुरुमंत्र. नाचांचे प्रकार एकंदर दहा. पाऊल पुढें, पाऊल मागें, टाळी, हात आकाशाकडे, असे सर्व थोडक्याच हालचालींचे, आणि तेच पुन्हापुन्हा. आरंभीं कावासाकी नांवाचा संथ नाच. मग हारुकोमा, म्हणजे वसंतांतला घोडा. त्यांत लगाम खेंचल्यासारखे हात करून तरुण मंडळी अशीं उसळतात कीं रस्ता हादरतो. यांतच यात्चिकु नांवाचा एक नाच आहे, आणि त्याच्या गाण्यांत शेतकऱ्यांच्या बंडाची कथा आहे. १७५४ ते १७५८ या सालांत येथील सरदारानें शेतसारा वाढविला म्हणून शेतकरी उठले, थेट राजधानीपर्यंत दाद मागावयास गेले. पुढाऱ्यांचीं डोकीं उडालीं, पण सरदाराचीही जहागीर गेली. आपल्याकडे याचा पोवाडा झाला असता. तिकडे गांव त्याच्यावर नाचतो. आमच्याच तालुक्यांतील देवगांवच्या राघोजी भांगऱ्यास इंग्रजांनीं १८४८ सालीं ठाण्यास फांशीं दिलें. त्याचें नांव आमच्या शाळेंत आम्हीं एकदांही ऐकलें नाहीं, हें येथें ओघानेंच आठवलें.

येथपर्यंत वाचून आमचा राग पुष्कळसा निवळला होता. परंतु पुढें त्यानें या चार रात्रींचें कारण लिहिलें, आणि आम्ही पुन्हा ताठ बसलों. या रात्री ओ-बोन म्हणजे पितरांच्या. जपानांत बहुतेक ठिकाणीं १३ ऑगस्टला दारांत विस्तव पेटवून पितरांस वाट दाखवितात, आणि १६ ला तसाच विस्तव करून निरोप देतात. पुष्कळ घरीं काकडीला काड्यांचे चार पाय लावून घोडा करतात आणि वांग्याची गाय. हेतु हा कीं, येतांना पितरांनीं घोड्यावरून लवकर यावें आणि जातांना गाईवरून सावकाश जावें. आणि ते घरीं असतात त्या रात्रीं त्यांच्यासाठीं, त्यांच्यासह, नाचावयाचें.

म्हणजे ज्या मुलानें बापाचें वर्षश्राद्ध केलें नाहीं, तो पितरांच्या तिथीस नाचला!

रागाच्या भरांत आम्हीं पुस्तकें काढून बसलों. रागाचा एवढा एक उपयोग आम्हांस नेहमीं होतो. बोन हें नांव उराबोन या शब्दाचें आंखूड रूप, आणि उराबोन हें उल्लंबन या संस्कृत शब्दाचें रूप असें परंपरा सांगते. उल्लंबन म्हणजे उलटें टांगलेलें असणें. कथा बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन याची. त्याला दिव्य दृष्टीनें आपली मेलेली आई प्रेतलोकांत भुकेलेली दिसली. त्यानें भात नेऊन दिला. तो तोंडाशीं जातांच त्याचे निखारे झाले. तेव्हां बुद्धानें सांगितलें कीं, एकट्याच्या हातून हें व्हावयाचें नाहीं. वर्षावास संपतो त्या दिवशीं, सातव्या महिन्याच्या पौर्णिमेस, सर्व भिक्षूंना अन्नदान कर. त्यानें तसें केलें, आई सुटली, आणि जपानी लोक पुढें सांगतात कीं, मौद्गल्यायन आनंदानें नाचूं लागला. तोच हा नाच. जपानांत हा विधि ६५७ सालीं झाल्याची नोंद आहे. ज्या सूत्रांत ही कथा आहे तें मूळ संस्कृतांत सांपडत नाहीं, तें चीनमध्येंच रचलें गेलें असावें, असें पुष्कळ पंडितांचें मत आहे. शब्दाच्या व्युत्पत्तीविषयींही वाद आहेच.

वाद पंडितांनीं करावा. उलटे टांगलेले पितर हे शब्द वाचतांच आम्हांस दुसरेंच आठवलें. महाभारताच्या आदिपर्वांत जरत्कारूला आपले पितर खड्ड्यांत गवताच्या काडीस लोंबकळलेले दिसतात, आणि तीही काडी उंदीर कुरतडीत असतो. वनपर्वांत हीच गोष्ट अगस्त्याची: पितर खालीं डोकें वर पाय असे टांगलेले पाहून तो विचारतो, तुम्ही कोण? ते म्हणतात, आम्ही तुझेच. तुला संतति नाहीं म्हणून आमची ही दशा. मग त्यानें लोपामुद्रेशीं लग्न केलें. आणि अगस्ति कोणाचा? आमच्या अकोल्याचा! प्रवरेच्या कांठीं त्याचें मंदिर आहे, महाशिवरात्रीस यात्रा भरते, दादांचा तेथें नित्यनेम होता. ज्या नदीच्या कांठीं आम्ही दर्भाचा कावळा करून उठलों, तीच ही प्रवरा. पुस्तक मिटलें तेव्हां आमच्या रागास टेकावयास फारशी जागा उरली नव्हती. तरी पत्र वहिनींना वाचून दाखविण्याचें धैर्य झालें नाहीं; आणि खरें सांगावयाचें तर, त्यांत आमच्या त्या तिखट पत्राचा चकार शब्दानेंही उल्लेख नव्हता, हेंही मनांत होतेंच.

भाद्रपद वद्य पंचमीस, दादांच्या तिथीस, महालयासाठीं आम्ही सहकुटुंब एस्टीनें अकोल्यास गेलों. श्राद्ध यथासांग झालें. वडे, खीर, आमसुलाची चटणी, सर्व दादांना आवडे तसें. कावळ्याचें पान कौलांवर ठेवून आम्ही खालीं आलों. वर वळून पाहिलें नाहीं. ब्राह्मण जेवून गेले, आपलीं जेवणें झालीं, आणि वहिनी माजघरांत सुपारी कातरीत बसल्या असतां आम्हीं खिशांतून कागद काढला.

'भाऊजी, दीड महिन्यापूर्वींची तारीख आहे,' त्या म्हणाल्या. त्यांना दुरून अक्षर दिसत नाहीं असा आमचा समज होता.

आम्हीं वाचूं लागलों. नाचाचें वाक्य आलें तेव्हां आम्हीं थांबलों. त्यांनीं 'पुढें' म्हटलें. घोडा आणि गाय ऐकून म्हणाल्या, 'वांगें? ऐन चातुर्मासांत?' मग स्वतःच, 'खायचें थोडेंच आहे; गाय करायला काय हरकत?' राघोजी भांगऱ्याविषयींचें आमचें मत आम्हीं मध्यें सांगूं लागलों तें त्यांनीं ऐकून घेतलें नाहीं. शेवटचा भाग आम्हीं एरवीं कोणास वाचून दाखविला नसता, पण मुलाची आणि वहिनींची दोघांचीही परवानगी घेऊन येथें देत आहों.

'मध्यरात्रीनंतर त्या आजींनीं मला पाणी दिलें आणि विचारलें, यंदा तुमच्याकडे कोण आलें आहे? मला आधीं प्रश्नच कळला नाहीं. मग म्हणालों, वडील. त्या म्हणाल्या, लांबून आले असतील, दमले असतील. आतां जरा सावकाश नाचा. काका, मी आलों नाहीं त्याचीं कारणें मीं तुम्हांस लिहिलीं होतीं. तीं खरीं होतीं, पण पुरीं नव्हतीं. रजा मागितली असती तर मिळाली असती. मी मागितलीच नाहीं. घरीं येऊन बाबांची रिकामी खोली पाहावयाची मला भीति वाटली. पहांटे शेवटचा नाच असतो, मात्सुसाका. त्याला वाद्यें नाहींत, नुसत्या दोन लांकडी पट्ट्यांचा ठोका आणि गाणें. ढोल थांबला तेव्हां रस्त्यावरच्या हजारों गेतांचा आवाज मोकळा ऐकूं आला, आणि तो माझ्या ओळखीचा निघाला. बाबा पहांटे खडावा घालून चौकांतून विहिरीवर जात. मी अंथरुणांत पडून पावलें मोजीत असें. सतरा. त्या पहांटे मी उजाडेपर्यंत तीं मोजीत नाचलों. तुम्हांस हें वावगें वाटलें तर तसें लिहा, पण लिहा.'

वहिनींच्या हातांतला अडकित्ता केव्हांच थांबला होता. बऱ्याच वेळानें त्या म्हणाल्या, 'अठरा. उंबऱ्याशीं ते एक पाऊल उचलून टाकीत, तें त्याला ऐकूं येत नसेल.'

आमच्या मंडळी तोंडाला पदर लावून आंत गेल्या. वहिनी मात्र कागद मागून घेऊन पुन्हा एकदां स्वतः वाचीत बसल्या. नंतर म्हणाल्या, 'भाऊजी, आतां त्याला तें कावळ्याचें लिहा. किती दिवस लपवायचें? तो काय लहान आहे आतां?' आम्हीं म्हटलें, त्याला फार लागेल. 'लागूं दे,' त्या म्हणाल्या. 'त्यानें रजेचें खरें लिहिलें ना?'

त्याच रात्रीं अकोल्यास कंदिलासारख्या मंद झालेल्या विजेच्या दिव्याखालीं आम्हीं पत्र लिहिलें, आणि तें हातानें लिहिलें. आरंभ आम्हांस फार जड गेला. वर्षश्राद्धाच्या वेळच्या आमच्या पत्राविषयीं चार ओळी लिहावयास अर्धा तास लागला. कावळ्याचें त्यामानानें सोपें गेलें. सकाळीं पाकीट बंद करावयाच्या आधीं वहिनी माळ्यावरून एक गांठोडें घेऊन उतरल्या. दादांचें जुनें सोंवळें, त्यांत दोन खडावा. डाव्या खडावेची खुंटी सैल झाली होती, तिला दादांनींच कधीं काळीं सुतळी गुंडाळलेली. 'तिकडे पाठवायला टपाल किती पडेल?' वहिनींनीं विचारलें.

नगरास परतल्यावर चौथ्या दिवशीं आम्ही तें पुडकें घेऊन टपालकचेरींत गेलों. परदेशीं पुडकें धाडावयाचें तर एक छापील कागद भरून द्यावा लागतो: आंत काय, वजन किती, किंमत काय. खिडकीवर एक तरुण मुलगी होती. 'लांकडी वस्तु' असें आम्हीं लिहिलें, तर ती म्हणाली, 'आजोबा, तिकडे अडवतील, नीट काय तें लिहा.' आम्हीं तें खोडून 'पादत्राणें, वापरलेलीं' असें लिहिलें. किंमतीचा रकाना रिकामा ठेवला होता. तो रिकामा चालत नाहीं असें तिनें सांगितलें. शून्य घालूं का म्हणून विचारलें, तर शून्यही चालत नाहीं. मागें पांच-सहा माणसें उभीं होतीं. शेवटीं तिनेंच आमच्या हातांतून कागद घेतला आणि पन्नास रुपये असें लिहून शिक्का मारला.